बर्फावर न दिसलेला रंग

अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं की ताट हातात येण्याआधी एक प्रश्न येतो, "तुम्ही कुठल्या टीममध्ये?" इथे सगळेच सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे टीम कळली की माणूस कळला असं मानतात. मी सांगायची, "मी रंग जुळवते." समोरचा नागपूरचा नाहीतर पुण्याचा मुलगा क्षणभर थांबायचा आणि विचारायचा, "म्हणजे यूआय का काकू, स्क्रीनवरचे रंग?" नाही रे बाबा, कापडाचे रंग, असं म्हटलं की तो हसून कोशिंबीर वाढून घ्यायला उठायचा. सव्वीस वर्षं नोकरी केली, पण ती नक्की काय होती हे त्या पंगतीत कोणाला कळलं नाही. यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहा म्हटलं, तेव्हा वाटलं, एकदाचं सांगून टाकावं.

आमची कंपनी बर्फात घालायचे कपडे करायची. स्कीइंगचे, स्केटिंगचे, संघांचे गणवेश, स्पर्धेतल्या स्वयंसेवकांची जाकिटं. डिझायनर कागदावर एक रंग दाखवते. तो कागदावरचा रंग नायलॉनवर, लोकरीवर, ताणल्या जाणाऱ्या कापडावर, चेनच्या पट्टीवर आणि शिवायच्या दोऱ्यावर हुबेहूब तसाच उतरला पाहिजे. प्रत्येक वस्तू रंग आपापल्या परीने पिते. कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून हातरुमालाएवढे नमुने यायचे, मी ते एका पेटीत ठेवून बघायची. पेटी आतून करड्या रंगाची, तिच्यात निरनिराळे दिवे : दुपारच्या उन्हासारखा एक, दुकानातल्या ट्यूबसारखा एक, घरातल्या पिवळ्या बल्बसारखा एक. एका दिव्याखाली जुळे भाऊ वाटणारे दोन निळे दुसऱ्या दिव्याखाली एकमेकांना ओळखतही नाहीत. सगळ्या दिव्यांखाली जुळला तरच सही करायची.

खोलीसुद्धा करडी होती. माझ्या अंगावरच्या कपड्यांचा रंग नमुन्यावर पडू नये म्हणून मी वरून करडा कोट घालायची. त्या खोलीत सकाळी आठला जायचं आणि दुपारपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. माझा नवरा श्रीकांत होता तोवर त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी घरी बोलायला माणूस असायचा, आणि तो इतकं बोलायचा की मला वाटायचं, करडी खोली बरी. सहा वर्षांपूर्वी तो गेला. लेक केतकी तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला मॉरिसव्हिलला, तिच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्या आणि दोन मुलं. मग माझे असे शनिवार-रविवार जायला लागले की सोमवारी पहिला शब्द काढताना घसा खाकरावा लागायचा.

एक सवय मात्र मी सांगलीहून आणलेली. आमच्याकडे बायका साडी घेताना दुकानदाराच्या दिव्यावर कधी विश्वास ठेवत नाहीत. "जरा उजेडात बघू द्या" म्हणत पदर घेऊन पायरीवर येतात. मीही प्रत्येक नमुना शेवटी पार्किंगमध्ये नेऊन बघायची. रेडमंडला हिवाळ्यात ऊन म्हणजे पाहुणाच, त्यामुळे कधीकधी एका रंगासाठी आठवडाभर वाट पाहावी लागे. लोक खिडकीतून हसायचे. हसोत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. स्केटिंगच्या एका संघाचा प्रशिक्षक हिरव्या रंगावर अडून बसला. पहिला नमुना त्याला आजारी वाटला. दुसऱ्यांदा पाठवला तो म्हणे, जवळ आलाय, पण अजून जीव नाही. तिसऱ्यांदा त्याने फोन करून माझं तोंडभर कौतुक केलं, हाच तो हिरवा म्हणाला. तिन्ही वेळा मी एकाच ताग्याचे तुकडे पाठवले होते. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणखी एक बाई यायच्या, त्यांना त्यांच्या देशाच्या झेंड्याचा लाल हवा असे, पण झेंड्याचा नव्हे, त्यांच्या आठवणीतला. तोही जुळवला. या कामाचा मला गर्व होता आणि आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

डोंगरातल्या एका गावात आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धा होणार होती आणि उतारावर काम करणाऱ्या सगळ्या स्वयंसेवकांची जाकिटं आमच्याकडे आली. आमची मुख्य डिझायनर ब्रुक. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, हुशार, आणि कंपनीत मला नावाने हाक मारून कशी आहेस विचारणारी एकटीच. तिने जो रंग काढला तो खरोखर देखणा होता. कमरेपाशी फिकट करडा-निळा, वर जाता जाता विरळ होत खांद्यांवर जवळजवळ पांढरा. हिमनदीचा रंग म्हणाली. टीव्हीवर बर्फ, डोंगर आणि माणसं एकाच चित्रातली वाटली पाहिजेत अशी तिची कल्पना.

असा विरत जाणारा रंग तीन तऱ्हेच्या कापडांवर जुळवणं म्हणजे नाकी नऊ. मी दोन महिने त्यात होते. ऑक्टोबरात तो जुळला. पार्किंगमध्ये नेला, काळ्या ओल्या डांबरावर धरला, आणि स्वतःवरच खूश झाले.

त्या रविवारी घरी एकटीच होते. बाहेर ढग, पाऊस नव्हता. मनात आलं, हा रंग डांबरावर थोडाच बसणार आहे, बर्फावर बसणार. बर्फ कुठून आणू? मग एक मोठं स्टीलचं ताट घेतलं, त्यात दोन पुडे मीठ ओतलं, हाताने सारखं केलं आणि खिडकीपाशी ठेवलं. त्यावर नमुना ठेवला. जवळून छान दिसला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेले आणि बघितलं तर ताटात फक्त मीठ. नमुन्याची खालची कड तेवढी एखाद्या सुरकुतीएवढी दिसत होती. पुन्हा जवळ गेले, पुन्हा मागे आले. चार वेळा केलं.

ज्यांना बर्फातलं स्कीइंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ढगाळ दिवशी बर्फावर सावल्या पडत नाहीत. आकाश पांढरं, जमीन पांढरी, खड्डा कुठला आणि उंचवटा कुठला काही कळत नाही. म्हणून शर्यतीच्या मार्गाच्या दोन्ही कडांना बर्फावर निळा रंग फवारतात आणि वळणांवरचे खांब लाल-निळे असतात. त्या उतारावर सगळ्या रंगांचं काम एकच : दिसणं. आणि आम्ही तिथल्या माणसांना न दिसणारा रंग घालणार होतो.

सोमवारी मीटिंग होती. ब्रुकने जाकीट सगळ्यांसमोर धरलं. साहेब लोक खूश झाले. ब्रुक म्हणाली, आपल्या सुधाचं कौतुक करायलाच हवं, हा रंग दुसऱ्या कोणाला जुळला नसता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "सगळं ठीक आहे ना? काही शंका?"

मी म्हटलं, "रंग जुळलाय."

खोटं नव्हतं. फक्त तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. का नाही बोलले, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. मी एकसष्ट वर्षांची, निवृत्ती तोंडावर. रंग निवडणं डिझायनरचं काम, जुळवणं माझं, अशी माझ्या धंद्याची रीत. घरी ताटात मीठ ओतून प्रयोग केला, हे त्या काचेच्या खोलीत कसं सांगायचं याची लाज. पण खरं कारण लिहायचं तर हे, की कितीतरी दिवसांनी माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या होत्या आणि मला ते थांबायला नको होतं.

स्पर्धेच्या आठवड्यात मला तिकडे धाडलं ते भलत्याच कामासाठी. बक्षीस समारंभाच्या पांढऱ्या जाकिटांच्या चेन उन्हात पिवळट दिसत होत्या. कपडे पांढरे दिसावेत म्हणून आपण नीळ घालतो, तसं कापडात एक द्रव्य घालतात, ते डोंगरावरच्या उन्हात चमकतं. कापडात ते होतं, चेनच्या पट्टीत नव्हतं. त्यामुळे सगळ्या पाहुण्यांच्या पोटावर दात न घासल्यासारखी एक रेघ. मी आणि तिथल्या दोन शिवणाऱ्या बायकांनी तीन दिवसांत सगळ्या चेन बदलल्या.

जेवायला स्वयंसेवकांच्या तंबूत जायची. पहिल्या दिवशी ताट घेऊन कुठे बसू म्हणून उभी होते तर एका म्हाताऱ्याने खुर्ची सरकवली. तो वॉल्ट. गावातल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, सत्तरीचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. स्पर्धा असली की मार्गावरचा बर्फ सारखा करणं, पडलेले खांब उभे करणं हे काम तो हौसेने करायचा. त्याच्यासोबत डेनी, त्याचा शाळेपासूनचा मित्र. डेनी वरच्या वळणावर उभा राहून खाली बघायचा आणि मार्गावर कोणी नाही याची खात्री करून रेडिओवर "मोकळं आहे" सांगायचा. मगच वरून पुढचा खेळाडू सुटायचा. दोघांची बोलण्याची तऱ्हा अशी की नवखा माणूस समजेल भांडण चाललंय. मी माझ्या थर्मासमधला आल्याचा चहा त्यांना दिला, तर वॉल्ट म्हणाला याने खोकला जाईल आणि डेनी म्हणाला याने वॉल्ट जाईल. कितीतरी महिन्यांनी मी जेवताना हसले.

दुसऱ्या दिवशी ढग उतरले. जेवण झाल्यावर वॉल्ट स्की लावून निघाला, मी तंबूच्या दारात उभी होते. तो पन्नासेक पावलं गेला असेल. आधी खांदे गेले, मग पाठ. नुसतं काळं हेल्मेट आणि काळी पँट चाललेली दिसली, आणि तो वाकला तेव्हा जाकिटाआड तेही गेलं. डेनी माझ्याशेजारी होता. हसत म्हणाला, "ही तुमची जाकिटं. आता माझाच माणूस मला सापडत नाही."

मीही हसले. मग शिवणाच्या खोलीत जाऊन बसले.

संध्याकाळी ब्रुकला फोन केला. या वेळी मिठाचं ताटसुद्धा सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुधा, मी तुझं म्हणणं उडवून लावत नाहीये. पण उद्या फक्त सराव आहे, दुपारनंतर ऊन सांगितलंय. उद्या तिथे पोचले की दोघी मिळून बघू." मी म्हटलं, "शुअर, शुअर." शर्यतीच्या प्रमुखाची खोली माझ्यापासून तीन दारांवर होती. तिथे दिवा चालू होता. मी त्या दारावरून दोनदा गेले आणि परत आले. वरिष्ठांना डावलून परस्पर कसं जायचं, हा विचार त्या वेळी मला फार मोठा वाटला.

सकाळी सराव सुरू झाला. ऊन आलं नव्हतं. एका वळणावरचा खांब कलला होता, वॉल्ट तो सरळ करायला गेला आणि वरच्या वळणाकडे पाठ करून गुडघ्यावर बसला. वरून डेनीने खाली बघितलं. त्याला बर्फ दिसला. तो रेडिओवर म्हणाला, "मोकळं आहे."

खेळाडू एक लहानखुरी मुलगी होती. उंचवट्यावरून आली तेव्हा वॉल्ट तिच्या समोर होता. तिने स्वतःला बाजूला फेकलं, तिला फारसं लागलं नाही. तिची एक स्की वॉल्टच्या खुब्यावर बसली. मी खाली तंबूपाशी होते, मी आवाज ऐकला नाही. डेनी ओरडत खाली येताना ऐकला.

त्यानंतर मी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, कारण तेवढंच कंपनीच्या बातमीपत्रात छापून आलं. गावात एक लोखंडी सामानाचं दुकान होतं. इकडे शिकारी लोक एकमेकांच्या गोळ्या लागू नयेत म्हणून भडक केशरी बंड्या घालतात, त्या मागच्या खोलीत खोक्यांत पडलेल्या होत्या. मी सगळ्या घेतल्या. दुपारपर्यंत उतारावरच्या प्रत्येक माणसाने हिमनदीवर केशरी बंडी चढवली होती. टीव्हीवर ते भयंकर दिसलं. ब्रुकने स्वतः एक बंडी घातली, माझा हात धरला आणि म्हणाली, तू आम्हाला वाचवलंस. चौकशी झाली. अहवालात लिहिलं, खराब दृश्यमानता. कोणाचा दोष नाही. जाकिटांबद्दल एक शब्दही नव्हता. मिठाचा प्रयोग नक्की कधी केला होता, हे ब्रुकने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिचा एका रात्रीचा उशीर होता. माझा ऑक्टोबरापासूनचा.

वॉल्टला मी हॉस्पिटलमध्ये फुलं पाठवली. स्वतः गेले नाही. मे महिन्यात निवृत्त झाले. केक कापला, करडा कोट सगळ्यांच्या सह्या घेऊन मला दिला. घरी आले आणि घर तसंच शांत होतं, फक्त आता त्यातून सकाळी बाहेर पडायचं कारण नव्हतं. कधीकधी दिवसभरात फक्त दुकानातल्या मुलीला "थँक यू" म्हणायची. एकटं राहायची मला सवय होती, पण एक गोष्ट मनात घेऊन एकटं राहणं वेगळं. तिच्याशीच बोलणं व्हायला लागतं.

नव्या वर्षाच्या सुमाराला वॉल्टचं कार्ड आलं. शिक्षकाचं सुबक अक्षर. आल्याच्या चहाची आठवण काढली होती. पुढे लिहिलं होतं, "मी उतारावरचं काम सोडलं. खुबा बरा आहे, चालतो फिरतो. पण त्या दिवशी मी वेळेत बाजूला झालो नाही. पाय मंद झाले की माणसाने ओळखावं आणि दुसऱ्यांना धोक्यात घालू नये. ती मुलगी माझ्यामुळे मेली असती." खाली एक ओळ, की डेनी हल्ली येत नाही, कामात असेल.

ते कार्ड मी केतकीला फोनवर वाचून दाखवलं. मग सगळं सांगितलं, मिठाच्या ताटापासून. ती माझी मुलगी, पण रागावली की इंग्रजीत जाते. म्हणाली, "आई, ही थिंक्स इट वॉज हिम. यू हॅव टू टेल हिम. नॉट ऑन द फोन."

गेले. विमान, मग भाड्याची गाडी. वॉल्टचं घर छोटं, एकट्या माणसाचं असतं तसं अती नीटनेटकं. मला बघून त्याला खरंच आनंद झाला, तो आनंद बघवेना. काठी टेकत त्याने कॉफी केली. मी कपाला हात लावला नाही. आधी सांगते म्हटलं आणि सांगितलं. रंग कसा जुळवला, घरी काय बघितलं, मीटिंगमध्ये काय म्हणाले, तीन दारांवरच्या त्या खोलीवरून दोनदा कशी गेले. शेवटी म्हटलं, "तुम्ही मंद नव्हतात. तुम्ही दिसलाच नाहीत. आणि तुम्ही दिसणार नाही, हे मला माहीत होतं."

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ते पहिलं वाक्य पुन्हा म्हणा."

"तुम्ही मंद नव्हतात."

त्याने चष्मा काढून डोळे पुसले. बराच वेळ पुसत होता. नंतर म्हणाला, "मला तुमचा राग येणार आहे. आज नाही आला तरी उद्या येईल. पण त्याआधी हे तुम्ही डेनीला सांगायचं." आणि उठून भिंतीवरचा फोन घेतला. "डेनी, बूट घाल आणि ये," एवढंच म्हणाला.

डेनी दहा मिनिटांत आला. आत येऊन टोपी हातात धरून उभा राहिला. वॉल्टकडे बघेना, वॉल्ट त्याच्याकडे बघेना. तो कामात नव्हता, हे माझ्याही लक्षात आलं. आपण "मोकळं आहे" म्हणालो आणि मित्राचा खुबा गेला, या गोष्टीने तो वर्षभर त्या दारात आला नव्हता. मी उभी राहून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी सोपं जाईल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

माझं बोलणं संपल्यावर डेनी वॉल्टला म्हणाला, "मी बघितलं होतं रे. नीट बघितलं होतं."

वॉल्ट म्हणाला, "मला माहीत आहे. बस."

डेनी माझ्या खुर्चीवर बसला आणि माझ्या कपातली कॉफी त्याने स्वतःकडे ओढली. दोघं काही बोलत नव्हते, पण बोलणार होते, आणि त्यांचं ते बोलणं माझ्यासमोर होणारं नव्हतं. मी खुंटीवरचा कोट घेतला. येते म्हटलं, ते बहुधा त्यांना ऐकू गेलं नाही. दारापर्यंत सोडायला कोणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.